घडीची व्हीलचेअर: गोव्यातल्या पायऱ्या, पाऊस आणि फेरीबोट

स्टीलची, काळ्या रेक्झिनची, सात-आठ हजारांच्या आसपास मिळणारी साधी व्हीलचेअर. पाचपैकी साडेतीन. एक गुण खुर्चीचा कापला, अर्धा खोक्यात नसलेल्या कागदाचा. ढकलणाऱ्याने कसं वागायचं ते कुणी छापून देत नाही.

खरेदीआधी न्हाणीचं दार मोजा. 18 इंची बैठकीची खुर्ची उघडली की 25-26 इंच होते. जुन्या घरातलं 24 इंची दार तिला आत घेत नाही. बैठक कमरेपेक्षा इंच-दोन इंचच जास्त हवी. ऐसपैस बरी म्हणून मोठी घेतली की बसणारा एका अंगावर कलतो. रेक्झिन काही महिन्यांत झोळीसारखं लोंबतं, तेव्हा तीन इंची घट्ट फोमची गादी बरोबरच घ्यावी. गादी असली तरी दर अर्ध्या तासाने अंग हलवायला हवं, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते.

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे क्रोम टिकत नाही. गंज आधी धरतो तो बैठकीखालच्या, घडी घालणाऱ्या कात्रीच्या जोडावर आणि पायपट्टीच्या स्क्रूंपाशी. बाहेरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि चाकांच्या कण्यात शिवणयंत्राचं तेल सोडा. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. ब्रेकची पट्टी थेट टायरवर दाबते. त्यामुळे हवेच्या टायरमधली हवा उतरली की ब्रेक नावापुरताच राहतो.

आता चिऱ्याच्या पायऱ्या. रॅम्पला एक फूट उंचीला 12 फूट लांबी लागते. सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे 21 फूट, अंगण तुळशीपर्यंत संपलं! तेवढी जागा क्वचितच असते, म्हणून माणसं फळी टाकतात आणि खुर्ची उलटते. एखाददुसरी पायरी फळीशिवायही जमते. चढताना मागच्या नळीवर पाय देऊन पुढची छोटी चाकं वर टेकवायची, मग मोठी. उतरताना पाठमोरं, मोठी चाकं आधी. झुकवण्याआधी "मागे घेतो हं" एवढं सांगायचं. न सांगता झुकवलं की बसलेल्याच्या पोटात गोळा येतो.

देवळाच्या पायऱ्यांवर मदतीला चार हात लगेच येतात, आणि तेच हात हातपट्टी धरतात. बऱ्याच खुर्च्यांची हातपट्टी आणि पायपट्टी निघते, ती हातात येते आणि माणूस खाली. उचलायचं ते पक्क्या सांगाड्याला धरून, एकाच्या मोजणीवर. त्याहीआधी बसलेल्याला विचारायचं, "उचलू? कुठे धरू?" नको म्हणाले तर नको.

जुने गोवे-दिवाडी फेरीला ओहोटीच्या वेळी उतार जास्त तिरका होतो आणि शेवाळ असतं ते वेगळंच. स्कूटर आणि गाड्या आधी जाऊ द्या. धक्क्यावरून उतरताना पाठमोरंच. बोटीत ब्रेक लावूनही मुठी सोडू नका, बोट धक्क्याला टेकताना हिसका बसतो.

मुठीवर बाजाराची पिशवी अडकवण्याची सवय वाईट. बसलेला माणूस उठला रे उठला की खुर्ची पिशवीसकट मागे कलंडते. खुर्चीला टेकून गप्पा मारणंही तसंच, खुर्ची बसलेल्याच्या अंगाचाच भाग असते. दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं तर समोर बसून बोलावं, नाहीतर त्याची मान अवघडते. हॉटेलात "ह्यांना काय आणू?" असा प्रश्न आला तर ढकलणाऱ्याने गप्प राहावं, ज्याचं जेवण तो सांगेल.

2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तिथे विविध तऱ्हेच्या खुर्च्या एका जागी बघायला मिळाल्या. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेतून खुर्ची फुकट मिळते, विकत घेण्याआधी ती चौकशी करावी. अ‍ॅल्युमिनियमची खुर्ची 12-13 किलोची, स्टीलची 17-18. रोज गाडीच्या डिकीत चढवायची असेल तरच जास्तीचे पैसे घालावेत.