टियागो ईव्ही आणि गोवा : गाडी बरी आहे, आधी घरची अर्थिंग बघा

टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे बॅटरीवरची गाडी, घेतल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, रेंज किती देते. गोव्यात राहून हा प्रश्न कसा पडतो मला कळत नाही. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत हायवेने गेलात तरी दीडशे किलोमीटरच्या आत राज्य संपतं, म्हापसा-पणजी तेरा किलोमीटर, पणजी-मडगाव पस्तीसच्या आसपास, इथं रोज दोनशे किलोमीटर फिरतंय कोण? टॅक्सीवाले सोडले तर कोणी नाही. विचारायचं असेल तर हे विचारा की तुम्ही गाडी लावता तिथं पंधरा अँपिअरचा प्लग आहे का आणि त्याला खरीखुरी अर्थिंग (गळकी वीज जमिनीत सोडणारी जोडणी) आहे का. असेल तर पुढचं सगळं सोपं. नसेल तर शोरूमला जायच्या आधी वायरमनला बोलवा, टेस्ट ड्राईव्ह नंतर घ्या.

माझी २४ किलोवॅट-तासवाली (किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलातलं युनिट), म्हणजे दोन बॅटऱ्यांतली मोठी. (छोटी १९.२ ची असते.) गाडी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली तेव्हा मोठीची रेंज कागदावर ३१५ किलोमीटर सांगितली होती, पण हा आकडा टेस्टिंगच्या ठरलेल्या चक्रातला असतो, रस्त्यावर कुठल्याच कंपनीची गाडी कागदाएवढं देत नाही, हे पेट्रोल गाड्यांच्या मायलेजवरून आपल्याला माहीत आहेच. मी एसी लावून दोनशे धरून चालते. त्यात माझं पणजीचं ऑफिस, येताना म्हापशाचा बाजार, मुलीचा क्लास, असं सगळं बसतं आणि दोन-तीन दिवसांनी रात्री जेवणं झाली की प्लग लावून टाकते. साधा पोर्टेबल चार्जर आहे, ताशी तीनेक युनिट ओढतो, रिकाम्याची पूर्ण व्हायला आठ-नऊ तास. रात्रीचं काम आहे, आपण झोपलेलो असतो, घाई कोणाला आहे. शोरूमवाला ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर) घ्या म्हणून मागे लागला होता, पण तो बत्तीस अँपिअर ओढतो, म्हणजे मंजूर लोड वाढवा, मीटरपासून जाड केबल टाका, वीज खात्यात फॉर्म भरा, आणि एवढं करून मिळणार काय तर रात्री एक वाजता गाडी फुल. मला रात्री एक वाजता कुठं जायचंय?

चालवायला गाडी मजेदार आहे. पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम चालू झाल्यापासून त्या पट्ट्यात जे काही होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायची गरज नाही, क्लच दाबून दाबून डावा पाय कामातून जायचा. आता नुसतं ब्रेकवरून पाय उचलला की सरकते, एसी चालू, इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. तासभर अडकलं तरी एसीला जेमतेम युनिटभर वीज जाते. सिग्नलला उचल एवढी आहे की नवऱ्याने पहिल्या दिवशी स्पोर्ट मोडवर टाकून जेवढे दात दाखवले तेवढे आमच्या लग्नातसुद्धा दाखवले नव्हते.

आता पैशांचं. इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही. यूट्यूबवर जे बचतीचे हिशोब असतात ते पुण्या-मुंबईच्या पेट्रोलवर मांडलेले असतात. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, सावंतवाडी-बांद्याकडची माणसं टाकी भरायला पेडण्यात येतात हे आपण रोज बघतो, त्यामुळे आपली बचत त्यांच्याएवढी होत नाही. दुसरीकडे आपल्याकडे वीजही महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त, म्हणजे थोडी भरपाई होते. माझी गाडी युनिटला सात किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे भिंतीतून जी वीज जाते ती धरून, कारण चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातातच. युनिटला पाच रुपये धरा, किलोमीटरला सत्तर पैसे झाले. पेट्रोलची तेवढीच गाडी गावातून-ट्रॅफिकमधून लिटरला पंधरा-सोळा देते, म्हणजे सहा रुपयांच्या वर. फरक आहे, आणि मोठा आहे. पण स्लॅब विसरू नका. घरगुती दर शंभर-शंभर युनिटांनी चढत जातो आणि चारशेच्या वरचा सगळ्यात महाग. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे युनिट वाढले, आणि ते तुमच्या वापराच्या डोक्यावर बसतात, तळाशी नाही. घरात दोन एसी आणि गिझर असेल तर गाडीची सगळी वीज वरच्या स्लॅबनेच पडणार. हिशोब करायचा तर आधी मे महिन्याचं बिल काढून बघा, ऑगस्टचं नको.

बरं, अर्थिंग. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ह्याच्यावर कोणी लिहीत नाही.

आमचं घर जुनं, चिऱ्यांचं, जमीनही खाली सगळी जांभ्याची. चार्जर आत वीज सोडायच्या आधी अर्थ तपासतो, नीट मिळाली नाही की लाल दिवा लावून गप्प बसतो. पावसाळ्यात आणि थंडीत काही त्रास नाही. मार्च संपला आणि लाल दिवा सुरू. कधी लागायचा कधी नाही, पहाटे चालायचं, दुपारी नाही. सर्व्हिसला फोन केला तर गाडी घेऊन या म्हणाले, तिथं लावली तर मस्त चार्ज झाली. मग आमच्या गावातला म्हातारा वायरमन आला, त्याने गाडीकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही, सरळ सॉकेटमध्ये मल्टिमीटर घातला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दाखवायला पाहिजे, आमच्याकडे वीसच्या वर. मग मागच्या दारी अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेला, झाकण काढलं, आत माती अशी कोरडी की बोटाने भुगा होत होता. म्हणाला, "वहिनी, गाडीला काही झालेलं नाही. तुमची जमीन सुकलीय." दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, थोडा वेळ थांबून परत मीटर लावला तर आकडा खाली आला आणि चार्जरचा दिवा हिरवा.

जांभ्याचं असंच आहे, भोकाभोकांचा दगड, पाणी धरत नाही, आणि कोरड्या जमिनीतून अर्थ नीट जात नाही. जुन्या घरांत अर्थिंग केलेली असते ती कधीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, मीठ-कोळसा कधीच वाहून गेलेला, पाईप गंजून पातळ झालेला. फ्रिज आणि टीव्ही तक्रार करत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही, गाडी तक्रार करते. खरं तर ती तक्रार करते हे चांगलंच आहे, नाहीतर एवढा करंट जाणाऱ्या गोष्टीला ओल्या हाताने कोण धरणार. आम्ही शेवटी नवीन खड्डा मारला, तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती ते बेंटोनाईटवालं कंपाऊंड जे ओल धरून ठेवतं, आणि जागा निवडली माडाच्या आळ्याजवळ जिथं न्हाणीचं पाणी जातं. ही जागा वायरमनची आयडिया, त्याला सलाम. त्यानंतर एप्रिल-मे मध्येही लाल दिवा नाही. प्लगसुद्धा बदलला, घरातला साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट तासन् तास पंधरा अँपिअर ओढण्यासाठी नसतोच, आतल्या पट्ट्या सैल झाल्या की तापून प्लास्टिक वितळतं. निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावा, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त करंट गेला किंवा वीज गळली की लाईन तोडणारे स्विच), मीटरपासून वेगळी लाईन. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करणारे फोटो बघते तेव्हा पोटात गोळा येतो.

व्होल्टेज हा दुसरा विषय. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत सगळ्या वाड्यात माटोळीवर (गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छतावर) लाईटी, मुंबईहून आलेली मंडळी, प्रत्येक खोलीत पंखा, तेव्हा संध्याकाळी आमच्याकडे १८० च्या आसपास येतं आणि चार्जिंग मध्येच बंद पडतं. उपाय साधा, आरत्या संपून सगळे झोपले की लावायची. पावसाचं म्हणाल तर पहिल्या वादळात तारांवर झाडं पडणं हे ठरलेलं आहे, जूनमध्ये कधी कधी रात्रभर लाईट नसते, म्हणून पावसाळ्यात मी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवते, मेन बोर्डला सर्ज प्रोटेक्टर बसवलाय तरी. पावसात चार्ज केलं तर शॉक बसतो का असं माझ्या सासूबाई अजून विचारतात. गाडीच्या बाजूचा कनेक्टर पाण्यासाठीच बनवलेला असतो आणि जोडणी पक्की झाल्याशिवाय त्यात वीज येतच नाही, काळजी भिंतीच्या बाजूची घ्या, सॉकेटवर छप्पर हवंच.

बाहेरचं चार्जिंग. मला क्वचित लागतं म्हणून मी शांत आहे, ज्यांना रोज लागतं त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, त्यात आधी पैसे टाका, मशिन बंद निघालं तर ते पैसे तिथंच अडकून, वर १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव घेत नाही, पण हायवेवरच्या एका चार्जरवर ॲप म्हणतंय उपलब्ध आणि मशिनच्या स्क्रीनवर काळोख, हेल्पलाईनवरची मुलगी हिंदीत सांगते सर बंद करून चालू करा. मी सर नाही आणि ते मशिन माझं नाही! डिसेंबरमध्ये तर चार्जरच्या जागेत काळ्या पाटीची रेंट-अ-कार उभी असते, पेट्रोलची, आणि टुरिस्ट बीचवर. फास्ट चार्जरवर टियागो १० ते ८० टक्क्यांना तासभर घेते, मशिन साठ किलोवॅटचं असलं म्हणून ती जास्त घेत नाही, तिला जेवढं झेपतं तेवढंच. त्यामुळे मोठ्या मशिनसाठी जास्त दर मोजण्यात आपल्या गाडीला अर्थ नाही. हायवेच्या पट्ट्यात, पणजी-पर्वरी-मडगावला पर्याय मिळतात, आत सत्तरी किंवा सांग्याकडे जाणार असाल तर घरूनच भरून निघा.

माझी खरी परीक्षा म्हणजे माहेर, बेळगाव. डिचोली, साखळी, केरी, मग चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी. अंतर शंभर-सव्वाशेच, पण घाट खातो. साधा हिशोब आहे, माणसं-सामान धरून चौदाशे किलोचं धूड सात-आठशे मीटर वर उचलायचं म्हणजे नुसत्या उचलण्यालाच तीनेक युनिट, चोवीसातले तीन. टक्के डोळ्यांसमोर उतरतात आणि पहिल्या वेळेला घाम फुटतो. वर पोचलं की मग सपाटीला परत नेहमीचं गणित चालू. घरून पूर्ण भरून निघायचं, बेळगावला आईकडे रात्रभर लावायची (तिथंही निळा सॉकेट बसवून घेतलाय, बाबांनी आधी कुरकुर केली मग शेजाऱ्यांना दाखवत बसले). येताना उलटी मजा, रीजन (वेग कमी होताना बॅटरीत परत वीज भरणं) तीनवर टाकलं की ब्रेक जवळजवळ लागतच नाही आणि केरीला उतरेपर्यंत टक्के वाढलेले असतात. फक्त घाटाच्या माथ्यावरच राहत असाल तर शंभर टक्के भरून उतरू नका, भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

किरकोळ गोष्टी भराभर. स्टेपनी नाही, पंक्चर किट येतं, टायरची साईडवॉल (बाजू) फाटली तर किटचा उपयोग शून्य, आणि खड्डे कुठल्या रस्त्याला आहेत हे मी सांगायला नको. बारा व्होल्टची छोटी बॅटरी ह्या गाडीतही असते, ती उतरली तर मोठी फुल असूनही गाडी चालू होत नाही. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, तिला मधूनमधून सावकाश शंभर टक्के भरावी लागते, नाहीतर टक्क्यांचा आकडा फसवायला लागतो. उंदीर. गावात शेडमध्ये गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट आठवड्याला उघडून बघायचं, नारिंगी वायर (मोठ्या बॅटरीची, जास्त व्होल्टेजची) कुरतडली तर बिल मोठं येतं. आणि रात्री रस्त्यावर बसलेली गुरं, त्यांना ह्या गाडीचा आवाजच येत नाही, अगदी जवळ गेलं तरी ढिम्म, हॉर्न मारावाच लागतो.

बॅटरी गेली तर, हा प्रश्न येणारच. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, माझ्या रोजच्या वापरात किलोमीटरच्या आधी वर्षं संपतील. त्यानंतरचं त्यानंतर.

फ्लॅटवाल्यांचं मात्र अवघड आहे. माझा दीर पर्वरीला राहतो, त्यानेही माझं बघून ईव्ही घेतली. आपल्याच मीटरवरून आपल्या घरी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे मुभा आहे, त्याने ते कागद छापून सोसायटीत दिले, सेक्रेटरी म्हणतात जनरल बॉडीत बघू, आणि जनरल बॉडी काही भरत नाही. तोपर्यंत रविवारी सकाळी तो आमच्याकडे येतो, गाडी प्लगला लावतो आणि जेवून संध्याकाळी जातो. विजेचे पैसे मी घेत नाही, येताना म्हापशाहून मासे आणतो, परवा इसवण आणला होता तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला बुधवारीपण येत जा म्हणून सांगितलं.