ग्लायडरमधला ऑक्सिजन सिलिंडर: आठ महिने वापरल्यावर

सिलिंडर निवडताना मी लिटर पाहिले, बार (वायूचा दाब) पाहिले, वजन पाहिलं. लांबी पाहिली ती मात्र जाहिरातीतली, आणि तिथेच फसलो.

माझं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, एकट्याचं, जुनं, फायबरग्लासचं. डोक्यामागे सामानाच्या कप्प्यात सिलिंडरसाठी एक आडवी नळी आहे, आतून १०३ मिलिमीटर. म्हणजे १०० मिलिमीटरचा सिलिंडर बसणार, असा सरळ हिशेब. पहिला घेतला ३ लिटरचा, स्टीलचा, वापरलेला. त्याच्यावर रंगाचे इतके हात मारलेले होते की अर्ध्यात जाऊन रुतला, आणि बाहेर काढताना आम्हा दोघांना घाम फुटला. रंग खरवडल्यावर आत गेला, पण झडप बाहेर राहिली. विकणाऱ्याने सांगितलेली लांबी नुसत्या बाटलीची होती. झडप आणि रेग्युलेटर (वायूचा दाब कमी करणारा भाग) धरला तर आणखी १४ सेंटीमीटर! तरी म्हटलं, मागे जागा आहे, भागेल. मग सहज एअरब्रेक, म्हणजे उतरताना पंखातून वर येणारी फळी, उघडून पाहिला. आतला दांडा रेग्युलेटरच्या गेजला, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीला, टक् करून लागला. हे जमिनीवर कळलं म्हणून निभावलं. तो सिलिंडर त्याच दिवशी परत काढला.

दुसऱ्या खेपेला आधी पुठ्ठ्याची नळकांडी केली. तिला झडपेच्या जागी एक लाकडी ठोकळा आणि रेग्युलेटरच्या जागी काड्यापेटी चिकटवली. ती आत सरकवून स्टिक, रडर, एअरब्रेक, सगळं टोकापासून टोकापर्यंत हलवून पाहिलं. काड्यापेटी दोनदा चेपली, तेव्हा कुठे कळलं की मला २ लिटरचाच सिलिंडर लागणार. यात झडपेला रेग्युलेटर जोडायच्या आट्यांचाही घोळ असतो. जर्मन झडपेचे आटे वेगळे, अमेरिकी सीजीए ५४० मानकाचे वेगळे, आणि दवाखान्यातल्या छोट्या बाटलीला तर आटेच नसतात, नुसती पिनांची भोकं. मध्ये अडॅप्टर लावता येतो, पण तोही लांबी खातो.

२ लिटर कमी पडतील अशी धास्ती होती. २ गुणिले २०० बार, म्हणजे साधारण ४०० लिटर वायू. नाकातल्या साध्या नळीला दर १०,००० फुटांमागे मिनिटाला १ लिटर धरतात. त्या हिशेबाने १५,००० फुटांवर जेमतेम साडेचार तास निघतात, आणि परतीचा साठा धरला तर त्याहून कमी. मी श्वास घेतल्यावरच फुंकर सोडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं आहे. त्याने एक भरणी कित्येक उड्डाणं पुरते. बॅटरी थंडीत मान टाकते, म्हणून सुटी जोडी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

पहिल्या वेव्हच्या (डोंगरापलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटेवर उंच चढण्याच्या) उड्डाणात मात्र हबकलो होतो. निघताना काटा २०० वर, आणि वर तासाभरात १७५! गळतीच असणार म्हणून खाली आलो, साबणाच्या फेसाने सगळे जोड तपासले, एकही बुडबुडा नाही. दुपारी ऊन लागल्यावर काटा १९५ वर. २० अंशांचा सिलिंडर उणे १० पर्यंत गार झाला, तर एक श्वासही न घेता २०० चे १८० होतात. शाळेत शिकलेलं होतं, पण वर गेल्यावर आठवलं नाही. आठवायला ऑक्सिजनच लागतो म्हणा.

गेज डोक्यामागे असल्यामुळे कॅनोपीच्या (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या) कडेला छोटा आरसा लावला आहे. त्यात काटा उलटा फिरतो. त्यावर उपाय म्हणून गेजवर ५० बारला लाल रंगाची रेघ मारली. आता आकडे वाचत नाही, रेघ बघतो. झडपेपर्यंत उडताना हात पोचत नाही, म्हणून ती निघण्यापूर्वीच उघडावी लागते, आणि तीही अगदी हळू, कारण झटक्यात उघडली तर पुढचा वायू दाबला जाऊन तापतो. तेल-ग्रीसचं बोट तिथे कदापि लागू नये. सनस्क्रीन लावलेले हात आधी धुतो. ओठांना लावायचा तेलकट बामही सोडला. नाक कोरडं पडतं, ते सोसतो.

हलक्या कार्बनच्या बाटलीचा मोह झाला होता. पण त्यांतल्या पुष्कळांचं आयुष्य १५ वर्षं ठरलेलं असतं, आणि मला मिळत होती तिची ९ संपलेली होती. स्टील जड, पण दाबाची चाचणी पास होत राहील तोवर चालतं. वापरलेला घेताना मानेवर ठोकलेली चाचणीची तारीख स्वतः वाचा. मुदत संपली असेल तर भरून मिळत नाही. हे वजन पाठीमागे येतं, तेव्हा गुरुत्वमध्याचा हिशेब नव्याने केला.

तक्रार एकच उरली आहे. भरायला काढताना दर वेळी डोक्यामागची उशी सोडवावी लागते. तिचे दोन स्क्रू आहेत, आणि त्यातला डावीकडचा दर वेळी सीटखाली जाऊन पडतो.