वॉबल बोर्ड (तोल सुधारायची, खाली गोळा असलेली डुलणारी फळी), ८ महिने वापरून: ग्रिपचं तेवढं बघून घ्या

काल संध्याकाळी बोर्डवरची ग्रिपची शीट शेवटी सुटलीच आणि पाय सर्रकन पुढे गेला, भिंत हाताशी होती म्हणून वाचलो. एसीएलचं (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या एका लिगामेंटचं) ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासाठी घेतलेल्या वस्तूवरूनच घसरायचं म्हणजे डोकं फिरणारच ना.

बॅडमिंटनमध्ये मागच्या बॅकहँड कोपऱ्यात ओव्हरहेड मारून एकट्या डाव्या पायावर उतरलो, गुडघा आत वळला आणि फट्‌ असा आवाज झाला. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा डावा गुडघा बरेचदा असाच जातो म्हणे. तुटलेल्या एसीएलच्या जागी मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा तुकडा (ग्राफ्ट) टाकला, सातव्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी बोर्ड सुरू करायला सांगितलं, आधी दोन्ही पाय आणि भिंतीला हात. हलका रबरी पॅड घेणार होतो पण एकदाच खर्च होऊ दे म्हणून लाकडी घेतला.

तिसऱ्या महिन्यात विचारलं असतं तर ५ स्टार दिले असते. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, गुडघा किती वाकलाय, कुठे कललाय ही खबर त्यातल्या नसा मेंदूला देत असतात, ते तुटलं की ती खबरच कमी पोचते. सुरुवातीला साध्या जमिनीवर डोळे मिटून डाव्या पायावर ४ सेकंद उभं राहता येत नव्हतं, घोटा थरथरायचा. रोज १० मिनिटं बोर्ड केला आणि ३० सेकंदांवर आलो. जिना उतरताना कठड्याला हात लावायचा राहून गेला हे दोन जिने उतरल्यावर लक्षात आलं, त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं खरंच.

पण पाचव्या महिन्यात मांडीची ताकद मोजली तर डावी उजवीच्या ७० टक्के. निदान ९० पाहिजे. मला वाटत होतं बोर्डवर एवढा स्थिर उभा राहतो म्हणजे पाय तयार झाला, पण तोल वेगळा आणि ताकद वेगळी. गुडघ्यात थोडी जरी सूज असली तरी मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण आवळतच नाही, त्याला वजन देऊनच उठवावं लागतं. लेग प्रेस, एका पायाचे स्क्वॉट, पायरीवरून सावकाश खाली उतरणं, हे सगळं मी बोर्डच्या नादात अर्धवट करत होतो. तेव्हापासून वजनं आधी आणि बोर्ड शेवटी.

आता ग्रिप. चौथ्या महिन्यातच शीट झिजायला लागली, तीही सगळीकडे नाही, अंगठा आणि बोटांखाली पाच गोल डाग, बाकी काळी कुळकुळीत. कंपनीला फोटो पाठवले, तीन वेळा पाठवले, उत्तर एकच की वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. अरे वापरायलाच घेतलाय ना! रोजची १० मिनिटं सुद्धा सोसत नसेल तर तो गोंद कसला? तेच फोटो मॅडमना दाखवले तर म्हणाल्या, तुम्ही बोटांनी बोर्ड आवळून धरताय, तोल कमरेतून यायला पाहिजे, बोटं सैल सोडा. सोडली आणि पुन्हा ८ सेकंदांवर आलो. म्हणजे इतके दिवस निम्मं काम बोटंच करत होती. परत ३० ला यायला पाच आठवडे लागले, पण आता गुडघा आत कलत नाही, आरशात बघतो रोज.

तरी कंपनीला माफ नाही. बोटं सैल सोडल्यावरही शीट कडेने उचलतच गेली आणि काल पूर्ण आली. खालचा गोळा आणि स्क्रू मात्र पक्के आहेत, एकदाही हलले नाहीत.

आज शीट खरवडून काढली, शूज घालून लाकडावरच केलं, बरं वाटलं. ऑपरेशनला साडेनऊ महिने झाले, पुढच्या आठवड्यात एका पायाच्या उड्यांची टेस्ट आहे, दोन्ही पायांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ती पास झाल्याशिवाय रॅकेटला हात लावणार नाही.

३ स्टार. दोन्ही ग्रिपचे कापले.