घांघरियात एकच दिवस: फुलांची दरी की हेमकुंड?

ऑगस्टमध्ये निघणारे बरेच जण मला हे विचारतात: पावसाने खोळंबा झाला आणि घांघरियात, म्हणजे उत्तराखंडातल्या ज्या गावातून फुलांची दरी आणि हेमकुंडाचं तळं या दोन्हींच्या वाटा निघतात तिथे, एकच दिवस उरला, तर कुठे जायचं? मी दोन्हीकडे जाऊन आलोय. ब्रह्मकमळासाठी जात असाल तर माझं मन हेमकुंडाकडे झुकतं. (मुलुंडला आमच्या गॅलरीत रात्री उमलतं, ज्याला शेजारीपाजारी नमस्कार करून जातात, ते निवडुंगाच्या कुळातलं. हे ते नव्हे.)

दरी सुंदर आहे, वाद नाही. १९३१मध्ये फ्रँक स्माइथ हा ब्रिटिश गिर्यारोहक कामेट शिखरावरून परतताना तिथे पोचला, तेव्हापासून तिचं नाव झालं. चढही बेताचा. पण मी गेलो तेव्हा पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आपल्या तेरड्याचा गुलाबी हिमालयी भाऊ आणि अमेला नावाचं तण खांद्याएवढं माजलं होतं. लांबून डोळे निवतात, पण खडकाला धरून वाढणारी बुटकी झाडं त्या दाटीत दिसणार कशी? कमरेपर्यंत भिजून मी नुसते दांडे बाजूला सारत होतो. दरीत मुक्काम करता येत नाही, त्यामुळे वेळ झाली तसा परत फिरलो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

हेमकुंडाचा चढ मात्र दमवतो. सहा किलोमीटरांत बाराशे मीटरच्या वर, आणि तळं सुमारे ४,३०० मीटरवर, म्हणजे अडीच कळसूबाईंहून उंच. समुद्रकाठच्या माणसाचं डोकं दुखतंच. पण झाडं संपली की तेरडाही खालीच राहतो, आणि ओल्या खडकांच्या फटी मोकळ्या दिसू लागतात. आधी काटेरी देठाची निळी खसखस, मग ब्रह्मकमळ. मी गुडघ्यांवर बसून त्याची फिकट पिवळसर, कागदासारखी पानं न तोडता जराशी बाजूला केली. आत जांभळट फुलांचा घोस. बाहेर भुरभुर पाऊस, आत बोट कोरडं! थंडीपावसापासून फुलं जपायला त्या पानांचाच आडोसा. उग्र वास मात्र बराच वेळ बोटांना होता.

गुडघे किंवा श्वास कुरकुरत असेल तर दरीच बरी. हेमकुंडासाठी खेचर मिळतं, पण त्यावर बसून फटींतलं काही दिसत नाही. जमल्यास उजाडताच निघा, आणि वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्यांची वाट फुटते ती धरा. मला सगळ्यात जास्त फुलं तिथेच दिसली.