बिनपाटीचं वर्कशॉप आणि आमची बारा फुटी होडी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपच्या शटरवर पाटी नाही. आत पत्र्याची शेड, एका भिंतीला ट्रान्सफॉर्मरचे रेडिएटर रचून ठेवलेले, दुसऱ्या भिंतीला साखळीने बांधलेला आर्गॉनचा निळा सिलिंडर आणि मधोमध टिग वेल्डिंगचं, म्हणजे आर्गॉनच्या आडोशात धातू जोडायचं मशीन. मालक आणि कारागीर एकच. मूळचे नंदुरबारकडचे, बडोद्यात पंचवीस वर्षं. "ताई, नाव-नंबर कुठे टाकू नका, मी एकटा माणूस, गर्दी झाली तर झेपायचं नाही," असं त्यांनी बजावलंय, म्हणून नाव देत नाही. पण जुनी अल्युमिनियमची होडी दुरुस्त करायची असेल तर बडोद्यात कोणाकडे जावं, हे मला आता नीट माहीत आहे आणि ते सांगायलाच हवं.

होडी कशाला, ते आधी सांगते. आम्ही समा भागात राहतो, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि आमचा तळमजला बुडाला. वीज नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या, इन्सुलिनवर. फ्रिज बंद पडल्यावर इन्सुलिनची बाटली डबीत घालून मी माठात सोडली होती आणि दर थोड्या वेळाने डबीला हात लावून बघत होते, गार आहे ना. तिसऱ्या दिवशी बचाव पथकाची होडी आमच्या गल्लीत आली. देवासारखे आले ते लोक, पण शहर केवढं आणि होड्या किती! सासूबाईंना खुर्चीसकट होडीत उतरवलं तेव्हाच मी आणि आमच्या ह्यांनी ठरवलं की सोसायटीची स्वतःची एक होडी हवी.

रबरी होडी सोपी पडली असती. पण पुराच्या पाण्याखाली काय असतं ते आम्ही पाहिलंय. कंपाउंडच्या भिंतीवरचे भाले, तुटक्या तारा, आडव्या पडलेल्या स्कूटरी. त्यात विश्वामित्रीच्या मगरी, पूर आला की सोसायट्यांत शिरणाऱ्या. अल्युमिनियमला बहुधा पोचाच येतो, ते रबरासारखं सहज फाटत नाही.

होडी मिळाली भंगारवाल्याकडे. एका कारखान्याच्या तळ्यावर वापरून टाकून दिलेली, १२ फूट लांब, सपाट तळाची, सगळी रिव्हेटची, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांची जोडणी. भाव वजनावर: ६२ किलो, १९० रुपये किलो, ११,७८० रुपये. घरी आणून बाकाखालचा फोम उपसला तर तो पाणी पिऊन जड झालेला, नुसता फोमच ९ किलो भरला. म्हणजे १,७१० रुपये ओल्या फोमचे गेले. जुनी होडी घेताना बाकाखाली बोट खुपसून बघा, फोम दाबल्यावर पाणी सुटतंय का ते.

मागची फळी, जिच्यावर मोटर लटकते, ती आतून कुजून मऊ झाली होती. तिच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्याला एक चीर, वीतभर. आणि तळातले रिव्हेट किती गळतात याचा पत्ता नाही.

पहिल्यांदा मी शहरातल्या दुसऱ्याच एका ठिकाणी गेले. "होऊन जाईल" म्हणाले. रंग न खरवडता, वरूनच वेल्डिंग मारलं. चिरेवर जो काळपट थर बसला त्याला अनारशासारखी जाळी पडली होती. वर गळणाऱ्या तीन रिव्हेटांनाही त्यांनी आच दिली, तर शेजारचे चांगले पाच-सहा रिव्हेट सैल झाले. २,५०० रुपये गेले आणि होडी आणली होती त्यापेक्षा वाईट झाली. छोटा हत्तीच्या भाड्यासकट ती परत आणली, त्या रात्री मी जेवले नाही.

बिनपाटीच्या वर्कशॉपच्या मालकांचा, म्हणजे भाऊंचा पत्ता आमच्या शाळेच्या शिपायाने दिला. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे कशाला काय म्हणतात ते विचारायची मला सवय आहे, आणि भाऊंना सांगायचा कंटाळा नाही. तरी पहिल्या दिवशी त्यांनी होडी गाडीवरून उतरूच दिली नाही. आधी प्रश्न: "ताई, हिच्यात बसणार किती?"

बडोद्यात हा प्रश्न साधा राहिलेला नाही. २०२४ च्या १८ जानेवारीला हरणीच्या तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मी दर वर्षी सहलीला मुलं घेऊन जाते. माझा आवाज बसला. म्हटलं, चार. "पाचवं मागेल तेव्हा?" म्हटलं, पाचवं दुसऱ्या फेरीत. मग त्यांनी टेप काढला आणि माझ्याकडूनच हिशेब करून घेतला. तळाचं क्षेत्रफळ साधारण ३ चौरस मीटर, म्हणजे होडी एक सेंटिमीटर खाली जायला ३० किलो वजन लागतं. चार माणसं, मोटर, पेट्रोल आणि होडीचं स्वतःचं वजन धरून ती बारा-तेरा सेंटिमीटर बुडेल, कड बरीच वर राहील. एवढं पटल्यावर होडी खाली उतरली. काम संपलं त्या दिवशी त्यांनी पंच आणि हातोडी घेऊन मागच्या कडेवर "४" हा आकडा ठोकून दिला. रंग गेला तरी तो आकडा जाणार नाही.

त्यानंतर भाऊंनी जे सांगितलं त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. "वेल्डिंग फक्त चिरेला. रिव्हेटला अजिबात नाही." ज्याचं पोट वेल्डिंगवर आहे तो माणूस वेल्डिंग करू नका म्हणतोय! कारण त्यांनी तिथेच दाखवलं. रिव्हेटच्या जोडात दोन पत्रे एकमेकांवर चढलेले असतात आणि मध्ये जुना सीलंट, तेल, गाळ. आच लागली की ती घाण धातूत उकळते, वेल्डिंगला भोकं पडतात, पत्रा वेडावाकडा होतो आणि शेजारचे रिव्हेट ढिले होतात. माझ्याकडे पुरावा होताच.

चिरेचं काम बघायला मी मुद्दाम सुट्टी काढली. आधीचा जाळीदार थर ग्राइंडरने पूर्ण काढला. मग डीपी टेस्ट, म्हणजे रंग मुरवून बारीक चीर शोधायची तपासणी. बडोद्यात प्रेशर व्हेसलचं (दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांचं) काम करणाऱ्यांकडे हे तीन डबे असतातच: एक क्लीनर, एक लाल पेनिट्रंट, एक पांढरा डेव्हलपर. लाल रंग फवारून पंधरा मिनिटं थांबले, पुसला, पांढरी पूड उडवली. बघता बघता पांढऱ्यावर लाल रेघ उमटली आणि डोळ्यांना दिसत होती त्याच्या तीन बोटं पुढे गेली. चिरेचं खरं टोक तिथे होतं. त्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. आधीच्या ठिकाणी हे झालं असतं तर कितीतरी मनस्ताप वाचला असता.

मग अ‍ॅसिटोनने पुसणं, स्टेनलेसच्या ब्रशने घासणं. तो ब्रश फक्त अल्युमिनियमसाठी राखलेला, लोखंडाला लावलेला चालत नाही. अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर ऑक्साइडची जी साय असते ती वितळायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं. साय राहिली तर वरून काही झालेलं दिसत नाही आणि आतला धातू एकदम खाली ओघळतो. म्हणून आधी साय घासून काढायची आणि मशीन एसी करंटवर ठेवायचं, करंटची उलटसुलट फेरी उरलेली साय फोडत राहते. वितळवून भरायची तार ५३५६ नंबरची. काच लावून मीही पाहिलं. भाऊ तार टेकवायचे, उचलायचे, टेकवायचे, आणि मागे करंजीला घातलेल्या मुरडीसारखी एकसारखी ओळ पडत जायची. गार झाल्यावर परत डीपी. पांढऱ्यावर लाल ठिपकासुद्धा नाही.

रिव्हेट शोधायची रीत सोपी आहे, घरी करता येते. होडी स्टँडवर ठेवून आतच पाणी भरायचं आणि खालून जिथे ओल दिसेल तिथे मार्करने खूण करायची. २३ खुणा झाल्या. मग मी आतून लोखंडी डॉली, म्हणजे ठोक्याला आधार देणारा ठोकळा, दाबून धरायची आणि भाऊ बाहेरून हातोडी मारायचे. सैल रिव्हेट "बद्द" वाजतो. दोन-तीन ठोक्यांत तो बसला की "टण्ण". संध्याकाळपर्यंत मला डोळे मिटून फरक कळायला लागला. १७ असे बसले. ६ बसेनात, ते ड्रिलने काढून तिथे बंद तोंडाचे अल्युमिनियमचे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने पिस्तुलाने ओढून बसवायचे) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट लावून घातले. साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात, पाणी त्यातूनच येतं, तेव्हा दुकानात बंद तोंडाचेच मागा. आतून जोडांवर हळू वाळणारं अराल्डाइट मी स्वतः भरलं, रुखवताच्या कामाइतकं मन लावून.

मागच्या फळीसाठी १९ मिलिमीटरचं मरीन प्लाय दोन थर चिकटवून. त्यावर आयएस ७१० लिहिलेलं बघून घ्या. एक गोष्ट मात्र प्लायवाला सांगत नाही. या प्लायला कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेलं असतं आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. तांबं आणि अल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की अल्युमिनियम झिजतं, नववीच्या मुलांना मी हेच शिकवते. म्हणून फळीच्या सगळ्या बाजू, कापलेल्या कडा आणि बोल्टची भोकंसुद्धा इपॉक्सीने बंद केली. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर आणि सीलंट. होडीच्या तळात लोखंडी खिळा किंवा नाणं पडून राहू देऊ नका.

रंगात फार जीव घातला नाही. बाहेरून धातूला रंग धरावा म्हणून एच (etch) प्रायमर आणि नारिंगी रंग, लांबून दिसावा म्हणून. तळ उघडाच ठेवला, गोड्या पाण्यात चालतो. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा अँटिफाउलिंग रंग मात्र अल्युमिनियमवर कधीच नको. मोटर भरूच बाजूच्या एका मासेमाराकडून २८,००० ला घेतली, जुनी टू-स्ट्रोक. इंजिन गार ठेवणारं पाणी खेचणारा इम्पेलर बदलला, कार्बोरेटर धुतला, पहिल्याच दिवशी त्या पाण्याची पिचकारी नीट पडली.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले होते, चोवीस लागले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाऊ गावी गेले ते दहा दिवसांनी उगवले, त्या काळात फोन उचलला नाही. रेडिएटरचं काम आलं की ते आधी, आपली होडी कोपऱ्यात. मे महिन्यात त्या शेडमध्ये उभं राहवत नाही, आणि बसायला जागा नाही. अंदाज तोंडी, बिल नाही. मी वहीच्या पानावर लिहून त्यांची सही घेतली तेव्हा ते थोडे नाराज झाले, पण सोसायटीच्या पैशाला कागद हवाच. नेणं-आणणं आपलं आपण. पावसाळ्याआधी होडी हवी असेल तर फेब्रुवारीतच जा.

मजुरी, आर्गॉन, रिव्हेट धरून त्यांनी ७,२०० घेतले. प्लाय, इपॉक्सी, फोम, रंग ६,३००. चार लाइफ जॅकेट ४,४००. वाया गेलेले २,५०० आणि मोटर धरून एकूण ६०,१८०. सोसायटीत २४ घरं, घरटी २,५००. कोणीही खळखळ केली नाही, तळमजल्यावरच्या पटेलकाकांनी तर सगळ्यात आधी दिले.

इंजिनाची होडी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदवावी लागते. त्या अर्जाचं काम आमचे हे बघतायत. तोवर मोटर माळ्यावर आणि होडी वल्ह्यांवर.

चाचणी पादऱ्याजवळच्या एका ओळखीच्या शेततळ्यात घेतली. आधी माणसं नाहीत, २० लिटरचे १२ भरलेले कॅन ठेवले, म्हणजे २४० किलो. खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि पाच तास थांबलो. चिरेच्या जागी कागद कोरडा. मागच्या फळीपाशी कोरडा. उजव्या बाजूला पुढे एका रिव्हेटखाली आठाण्याएवढा ओला डाग होता.

तो कागद तसाच घडी करून भाऊंकडे घेऊन गेले. त्यांनी डागाची जागा बघितली, चष्मा लावला आणि म्हणाले, "हा आपण बसवलेल्या सतरातला आहे. चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी रविवार, शेड बंद असते. ते डॉली आणि हातोडी पिशवीत घालून बसने आमच्या पार्किंगमध्ये आले. दहा मिनिटांचं काम. पैसे विचारले तर हात जोडले. सासूबाईंनी वरून चहा आणि पोहे पाठवले, ते होडीच्या कडेवर बशी ठेवून त्यांनी खाल्ले.