व्हीसीव्ही रॅक २: अँबियंट अल्बमला फुकट आवृत्ती पुरते, व्होल्ट मात्र मोजा

मॉड्युलर सिंथचा (सुटी मॉड्यूल्स वायरींनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) खरा सेट भारतात मागवायचा म्हणजे मॉड्यूल्स, केस, पॉवर सप्लाय आणि वर कस्टम ड्युटी. त्याआधी व्हीसीव्ही रॅक २ लॅपटॉपवर उतरवून बघा. अँड्र्यू बेल्ट यांनी २०१७ मध्ये आणलेल्या या सॉफ्टवेअरात युरोरॅकचा (अशा मॉड्यूल्सच्या प्रचलित मापाचा) सगळा कारभार पडद्यावर होतो. १४९ डॉलरची प्रो आवृत्ती दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन म्हणून चालते, हा तिचा मोठा फायदा. रॅकमध्येच वाजवून तिथेच रेकॉर्ड करणार असाल तर ते पैसे वाचवा.

लायब्ररीत हजारो मॉड्यूल्स आहेत आणि तिथेच बहुतेकांचा अँबियंट (संथ, पसरत्या नादाचा) अल्बम अडकतो. फंडामेंटल, ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स, व्हॅली आणि व्हीसीव्ही रेकॉर्डर एवढे चार संच घ्या, बाकीचं महिनाभर उघडूही नका. ऑडिबलमधला ‘रेझोनेटर’ म्हणजे म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं रिंग्ज आणि ‘टेक्स्चर सिंथेसायझर’ म्हणजे क्लाउड्स. ती फ्रेंच कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण कोड खुला ठेवलेला असल्यामुळे वाद्यं टिकली.

आधी षड्ज धरा. दोन व्हीसीओ (स्वर निर्माण करणारी मॉड्यूल्स) घ्या, फ्रीक्वेन्सीच्या नॉबवर राइट क्लिक करून एकात १३०.८१ आणि दुसऱ्यात १३१.११ टाइप करा. फरक ०.३ हर्ट्झ, म्हणजे साधारण सव्वातीन सेकंदांनी एक लहर येते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित वेगळ्या राहिल्या की येते तशीच. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी, हार्मोनिक्सनी भरलेली लहर) वापरत असाल तर पुढे व्हीसीएफ म्हणजे फिल्टर लावून कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचा आवाज तो दाबतो ती मर्यादा, ४०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. कारण खाली येतंच.

सुरावटीसाठी रँडम या मॉड्यूलचं स्टेप आउटपुट क्वांटायझरमध्ये (व्होल्टेज जवळच्या ठरलेल्या स्वरावर बसवणारं मॉड्यूल) आणि तिथून रेझोनेटरच्या व्होल्ट-पर-ऑक्टेव्हमध्ये न्या. क्वांटायझरवर भूपाचे पाच स्वर ठेवा: सी, डी, ई, जी, ए. नवखे इथेच फसतात. रँडमचं व्होल्टेज १० व्होल्टच्या पट्ट्यात फिरतं आणि एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. थेट जोडलंत तर स्वर दहा सप्तकं उड्या मारतात. रँडम आणि क्वांटायझरच्या मधे एटव्हर्ट (व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल) घालून नॉब २० टक्क्यांवर आणा, दोन सप्तकं उरतात.

आता तो कटऑफ. क्वांटायझर समान अंतराचे बारा स्वर देतो, त्यामुळे त्याचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (समान बारा स्वरांतल्या दोन शेजारच्या स्वरांत १०० सेंट) चढा आहे. षड्जाचा पाचवा हार्मोनिक (मूळ स्वराच्या पाचपट कंपनाचा उपस्वर) ६५४ हर्ट्झवर, क्वांटायझरचा वरचा गंधार ६५९ वर. सेकंदाला पाच ठोके पडतात. कान तंबोऱ्यावर तयार झालेल्याला हे लगेच खटकेल. ४०० च्या कटऑफने तो हार्मोनिक दबतो आणि भांडण मिटतं. तरी टोचलं तर गंधार बंद करून चार स्वरांवर भागवा.

रेझोनेटर दोन आवाजांवर ठेवून ऑड आणि ईव्हन ही आउटपुट टेक्स्चर सिंथेसायझरच्या डावी-उजवीकडे जोडा. रेझोनेटरच्या स्ट्रमला (छेडण्याच्या इनपुटला) काही जोडलं नाही तरी स्वर बदलला की तार आपोआप छेडली जाते. टेक्स्चरमध्ये डेन्सिटीचा नॉब बरोबर मधोमध असेल तर एकही ग्रेन (आवाजाचा बारीक तुकडा) निघत नाही, आणि लोक मॉड्यूल बिघडलं समजतात. उजवीकडे वळवा, ग्रेन विस्कळीत पडतात. डावीकडे ठरावीक अंतराने. टेक्स्चर नावाचा नॉब घड्याळातल्या दोनच्या जागेपुढे गेला की डिफ्यूझर (आवाज पसरवणारा भाग) चालू होऊन छेडण्याची टोकं विरघळतात. पोझिशनला ०.०४३ हर्ट्झचा एलएफओ (नॉब आपोआप फिरवणारी संथ लहर) द्या, २३ सेकंदांचा एक फेरा होतो. तिथेही एटव्हर्ट लागेलच, १५ टक्के पुरे.

शेवटी व्हॅलीचं प्लॅटो. रिव्हर्ब (घुमारा) सुरेख आहे, पण डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) लांबवला की खर्ज साचून गढूळ होतो. इनपुटचा लो कट (खालचे स्वर कापणारा नॉब) वर घ्या, आणि षड्जाची वायर प्लॅटोला वळसा घालून सरळ मिक्सरला न्या.

रेकॉर्डरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह निवडा. मिनिटाला साधारण १७ एमबी, अर्ध्या तासाला ५२० एमबी जागा जाते. १० व्होल्ट म्हणजे शून्य डीबी. रॅकच्या आत आवाज त्यापुढे गेला तरी चालतो, फाइलमध्ये मात्र फाटतो. शिखरं पाच व्होल्टला, म्हणजे उणे सहा डीबीला थांबवा. आवाज तडतडला तर ऑडिओ मॉड्यूलमध्ये ब्लॉक साइज (एका वेळी हाताळायच्या आवाजाचा तुकडा) १०२४ करा. इथे लेटन्सीने (आवाज यायला लागणाऱ्या उशिराने) कोणाचं काही बिघडत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. टेक्स्चरमध्ये फ्रीझ केलेला (गोठवलेला) आवाज पॅचसोबत (जोडणीच्या फाइलसोबत) सेव्ह होत नाही. नॉब जिथल्या तिथे राहतात, तो गोठवलेला क्षण फाइल बंद करताच जातो. त्यामुळे रेकॉर्डर आधी चालू करा, फ्रीझचं बटण मग दाबा.