आकडा उतरत गेला, बोटं वाकत गेली

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. मागच्या कापूस वेचणीत मायची दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजली. सकाळी तास-दीड तास मूठ वळायची नाही. भाकर थापायला बसली की डोळ्यांतून पाणी यायचं. त्याच सुमारास गावात सांधेदुखीचं मोफत शिबिर लागलं.

पांढरा कोट घातलेला माणूस आणि रक्त काढणारा एक पोरगा, एवढेच लोक. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात आरए फॅक्टर होता, म्हणजे आमवातात (सांधे सुजवणाऱ्या आजारात) बहुधा रक्तात वाढणारा घटक. कोटवाला म्हणाला, "काकू, तुमचा आरए फॅक्टर 96 आहे, 20 च्या खाली पाहिजे. सहा-सात महिन्यांत उतरवून देतो."

मायनं एवढंच विचारलं, "बाबू, मले भाकर थापता येईन ना?"

दर महिन्याला भुकटीच्या पुड्या 1,800 रुपयांच्या आणि रक्ततपासणी 900 ची. दहा दिवसांत दुखणं पळालं. मी गावभर सांगत सुटलो. माझ्या शब्दावर आणखी तीन घरांनी पुड्या घेतल्या, याचा सल अजून जात नाही.

आकडा खरंच उतरत होता: 96, 81, 58, मग 22. मायचा चेहरा गोल झाला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. पण तिची बोटं करंगळीकडे झुकत चालली होती. मी त्या माणसाला तसं सांगितलं, तर त्यानं बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही, रिपोर्टवर पेन टेकवून म्हणाला, "आकडा पाहा ना भाऊ."

आषाढात मायला सारखी तहान लागू लागली, रात्री चार-पाच वेळा उठू लागली. सेवाग्रामला नेलं. साखर 286 निघाली. तिथल्या डॉक्टरांनी आधी मायचा एकेक सांधा दाबून पाहिला, मग फाईल उघडली. दोन महिन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवून त्यांनी मला वाचायला लावले. ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, 62 आणि 62. हिमोग्लोबिन 10.4 आणि 10.4. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं अंकाला अंक तेच. बदलला होता फक्त आरए फॅक्टर, म्हणजे रिपोर्ट बनवलेले दिसत होते. खाली कुणा पॅथॉलॉजिस्टची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्येच सांगितलंय. आम्ही कधी तिथवर नजर नेलीच नव्हती.

डॉक्टरांचं म्हणणं मी जसं समजलो तसं सांगतो. आरए फॅक्टर निदानाला मदत करतो, पण एकट्यानं काही ठरवत नाही. तो धडधाकट माणसातही, विशेषतः म्हातारपणी, वाढलेला असू शकतो. उलट आमवात असूनही काहींचा नॉर्मल येतो. अँटी-सीसीपी ही तपासणी त्याहून नेमकी. मायची ती पॉझिटिव्ह आली, एक्स-रेत हाडाच्या कडा खाल्लेल्या दिसल्या. आजार किती पेटलाय हे पाहायला ईएसआर आणि तशीच सूज दाखवणारी सीआरपी तपासणी, आणि त्यासोबत किती सांधे सुजलेत ते हातानं मोजायचं. आरए फॅक्टर दर महिन्याला काढून काहीच कळत नाही. म्हणजे आमच्याकडून ज्या आकड्याचे पैसे घेतले, तो खरा असता तरी निरुपयोगी होता.

पुड्यांत स्टेरॉईड, म्हणजे सूज आणि दुखणं झटकन दाबणारं औषध, असावं, असा त्यांना दाट संशय आला. चेहऱ्याची सूज आणि साखर त्याचीच खूण. मी म्हटलं, आजच उकिरड्यावर फेकतो. त्यांनी मला थांबवलं. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉईड एकदम सोडलं तर जीवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करावं लागतं. त्या तिन्ही घरी मी त्याच संध्याकाळी जाऊन आधी हेच सांगितलं.

आता मायला मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी सुरू आहे. आठवड्यातून एकदाच, दर बुधवारी. रोज घेतलं तर ते विष आहे, म्हणून कॅलेंडरवर बुधवारी लाल गोल केलाय. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. रक्त अजूनही तपासतो, पण पेशी आणि लिव्हर पाहायला, मेथोट्रेक्सेटचा त्रास होत नाही ना म्हणून. मूठ बऱ्यापैकी वळते. उजव्या हाताची दोन बोटं मात्र सरळ होणार नाहीत.

सात महिन्यांत 18,900 रुपये गेले. त्या माणसाचा फोन बंद आहे. उरलेल्या पुड्या आणि सगळे रिपोर्ट घेऊन मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. परवा कारंज्याच्या बाजारात शिबिराचं पत्रक हाती पडलं. फोन नंबर नवा, मजकूर तोच: आरए फॅक्टर उतरवून मिळेल.